मे महिन्यातले पंधरा दिवस: परसातल्या फीडरवर रंगीत स्थलांतरित पक्षी कसे पाहायचे

इथे अमेरिकेत दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मला कुणाचा तरी फोन येतो. नवीन घर घेतलेलं असतं, मागे थोडं गवत आणि एखादं ओकचं झाड असतं, शेजाऱ्यांकडे केशरी-काळा पक्षी पाहिलेला असतो. आणि प्रश्न ठरलेला: "आम्ही परवाच फीडर लावला, पण चिमण्यांशिवाय कुणीच येत नाही. काय चुकलं?" बहुतेक वेळा चुकलेलं काहीच नसतं, उशीर झालेला असतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून, कॅरिबियन बेटांवरून निघालेले हे पक्षी आपल्या परसात थांबतात ते जेमतेम काही दिवस. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत. त्यानंतर काही उत्तरेला कॅनडाकडे जातात, काही जवळच्या रानात घरटी बांधायला लागतात आणि दाण्यांकडे पाठ फिरवून अळ्या शोधतात. म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: सगळी तयारी १५ एप्रिलच्या आत झाली पाहिजे.

मी मध्य न्यू जर्सीत राहते, त्यामुळे इथल्या तारखा देते आहे. व्हर्जिनियाकडे हे सगळं थोडं आधी घडतं, बॉस्टन किंवा मिशिगनकडे थोडं उशिरा. रॉकी पर्वताच्या पलीकडे, म्हणजे कॅलिफोर्निया-वॉशिंग्टनकडे राहत असाल तर पद्धत हीच, पण पक्षी वेगळे. तिथे बुलक्स ओरिओल, ब्लॅक-हेडेड ग्रॉसबीक, लॅझुली बंटिंग आणि वेस्टर्न टॅनेजर.

पाहुणा कोण, घरचा कोण

नव्याने आलेल्या माणसाला पहिला लाल पक्षी दिसतो तो कार्डिनल, पहिला निळा ब्लू जे. दोघेही देखणे, पण बर्फातसुद्धा ते इथेच दिसतात. अमेरिकन गोल्डफिंचचंही तसंच. हिवाळाभर मळक्या रंगात वावरणारा हा छोटा पक्षी एप्रिलमध्ये पिसं बदलतो आणि लिंबासारखा पिवळाधमक होतो. लोकांना वाटतं नवीन पक्षी आला. तो न्यू जर्सीचा राज्यपक्षी आहे आणि वर्षभर सोबत करतो.

खरे वसंतातले पाहुणे हे:

रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड, एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत.
ग्रे कॅटबर्ड, त्याच सुमारास.
रोझ-ब्रेस्टेड ग्रॉसबीक, एप्रिल संपता संपता.
बाल्टिमोर ओरिओल, मेच्या पहिल्या आठवड्यात.
इंडिगो बंटिंग, मेचे पहिले दहा दिवस.
स्कार्लेट टॅनेजर, तेव्हाच, पण नशीब असेल तर.

आपल्याकडे महाराष्ट्रात हा काळ निरोपाचा असतो. थंडीत आलेले धोबी, भोरड्या मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला निघून जातात आणि माळ सुना वाटतो. इथे त्याच दिवसांत पक्षी येऊ लागतात. माझी पहिली काही वर्षं मला हा उलटा हिशेब अंगवळणीच पडत नव्हता. वसंत म्हणजे कोकिळा ओरडायला लागणार आणि पाहुणे जाणार, असंच डोक्यात बसलेलं होतं.

काय खायला घालायचं

यातच सर्वात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोठ्या दुकानातली मिश्र दाण्यांची स्वस्त पिशवी घेऊ नका. मी घेतली होती, वीस पौंडांची. तिच्यात निम्म्याहून जास्त तांबूस ज्वारी होती. इकडे तिला मायलो म्हणतात. पूर्वेकडचे बहुतेक पक्षी ज्वारी चोचीने बाजूला फेकतात आणि तळातली सूर्यफुलाची बी शोधतात. जूनपर्यंत माझ्या फीडरखाली ज्वारीची रोपं गुडघ्यापर्यंत आली होती आणि उरलेल्या दाण्यांवर उंदीर यायला लागले होते.

घ्यायची ती काळी सूर्यफुलाची बी, पिशवीवर 'ब्लॅक ऑइल सनफ्लॉवर' लिहिलेली. हिचं साल पातळ असतं आणि आत तेल भरपूर. रोझ-ब्रेस्टेड ग्रॉसबीकसाठी दुसरं काही लागत नाही. सालांचा कचरा नको असेल तर सोललेली मिळते. महाग पडते, पण डेक असलेल्यांना आणि टाउनहाउसवाल्यांना तीच बरी.

दुसरी करडई. हो, आपली सोलापूर-मराठवाड्यातली करडई. इथे पिशवीवर सॅफ्लॉवर म्हणून मिळते. पांढरी, कडक आणि जराशी कडवट. खारींना आणि ग्रॅकल नावाच्या काळ्या टोळधाडीला ती फारशी आवडत नाही, पण कार्डिनल आणि ग्रॉसबीक आनंदाने खातात. खारींनी जीव नकोसा केला असेल तर सूर्यफूल बंद करून महिनाभर नुसती करडई घाला.

तिसरं नायजर. पहिल्यांदा मी त्याची पिशवी आणली तेव्हा आई सांगलीहून आलेली होती. काळे, बारीक, लांबट दाणे तिने तळहातावर घेतले, एक दाताखाली चावला आणि म्हणाली, "अगं, हे तर कारळे! चटणीचे कारळे पक्ष्यांना घालतेस?" खरंच ते कारळे आहेत. कुठे त्यांना खुरासणी म्हणतात. अमेरिकेत हे बी मुख्यतः भारत, इथिओपिया, म्यानमार अशा देशांतून येतं आणि त्यासोबत तणाचं बी रुजू नये म्हणून आयातीच्या वेळी त्याला उष्णता देऊन निर्जीव करावं लागतं. त्यामुळे ते खाली सांडलं तरी सहसा उगवत नाही. कारळ्यांचा फीडर वेगळा असतो, अगदी बारीक छिद्रांचा किंवा जाळीच्या पिशवीचा. गोल्डफिंच त्यावर उलटेसुलटे लटकतात, इंडिगो बंटिंगही अधूनमधून येतो. एक काळजी घ्या: कारळे जुने झाले की तेल खवट होतं आणि पक्षी तोंड लावत नाहीत. चटणीसाठी आपण वास घेऊन पाहतो, तसाच इथेही घ्यावा. छोटी पिशवी आणावी, महिना-दोन महिन्यांत संपवावी.

इंडिगो बंटिंगचा खरा जीव मात्र पांढऱ्या बारीक मिलेटवर. हे आपल्या वरईच्याच जातकुळीतलं धान्य. मूठभर मिलेट पसरट ताटलीत किंवा झुडपाजवळ जमिनीवर टाकायचं. चिमण्या त्यावर तुटून पडतील, म्हणून थोडंच, आणि फक्त त्या पंधरा दिवसांत.

ओरिओलसाठी संत्रं. मधून आडवं कापून दोन वाट्या करायच्या आणि कापलेली बाजू बाहेर ठेवून खिळ्यावर खोचायच्या. जवळ छोट्या वाटीत चमचाभर द्राक्षाची जेली. चमचाभरच. वाटी भरून ठेवली तर पिसं चिकट होतात, लहान पक्षी त्यात अडकूही शकतो. कृत्रिम गोडी घातलेली, 'शुगर-फ्री' जेली अजिबात नको. संत्रं दोन दिवसांत सुकतं, बुरशी धरतं, बदलत राहा. कॅटबर्डही याच ताटात जेवतो.

हमिंगबर्डचं पाणी घरी करायचं. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, गरम केलं असेल तर पूर्ण थंड करायचं. बस. दुकानातलं लाल रंगाचं पाणी घेऊ नका. फीडरचा लाल रंगच पुरेसा असतो. आपल्या घरात हमखास येणारा प्रश्न: साखरेऐवजी गूळ चालेल का, तो नैसर्गिक ना? नाही. गुळात आणि ब्राऊन शुगरमध्ये लोह असतं, ते या पक्ष्यांना बाधतं. मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते. साधी पांढरी साखरच त्यांच्या फुलांतल्या रसाच्या सर्वात जवळची. थंड हवेत चार-पाच दिवसांनी पाणी बदला, ऐंशी अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की दर दोन दिवसांनी. मुंग्यांसाठी फीडरच्या वर टांगायची पाण्याची छोटी वाटी मिळते, ती नक्की लावा.

स्यूट नावाच्या वड्या सगळीकडे दिसतील. ती गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असते. अनेक घरांत ती चालत नाही आणि दुकानात कुणी हे आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगते. नको असेल तर सोललेले, बिनमिठाचे शेंगदाणे जाळीच्या फीडरमध्ये घाला, किंवा साधं पीनट बटर झाडाच्या खडबडीत सालीवर बोटाने लावा. काहीही अडत नाही.

आणि रात्रीची पोळी, भात, शेव, फरसाण बाहेर टाकू नका. दारात चिमणीला घास टाकण्याची आपली सवय प्रेमाची आहे, मला ती मोडताना वाईट वाटलं होतं. पण इथली घरचिमणी बाहेरून आणलेली आहे. १८५० च्या सुमारास ती ब्रुकलिनमध्ये सोडली गेली. आता ती ब्लूबर्डसारख्या इथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते, त्यांची अंडी फोडते. मीठ-मसाल्याचं अन्न पक्ष्यांना चांगलं नाहीच, वर रॅकून आणि उंदीर येतात ते वेगळंच.

फीडर कुठे टांगायचा

खिडकीतून दिसेल असा, हे तर खरंच. पण काचेपासूनचं अंतर जपून ठरवा. एक तर तीन फुटांच्या आत, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. मधलं अंतर घातक. तीन फुटांच्या आतून दचकून उडालेला पक्षी वेग घेण्याआधीच काचेशी पोचतो, त्यामुळे जबर मार बसत नाही. पंधरा फुटांवरून उडालेला मात्र पूर्ण वेगात आदळतो.

खारींसाठी: खांब जमिनीत रोवा, त्याला साडेचार-पाच फुटांवर बॅफल, म्हणजे उलट्या टोपासारखं झाकण बसवा, आणि फांदी, कुंपण, डेकचा कठडा यांपासून दहा फूट लांब ठेवा. झाडाच्या फांदीला टांगलेला फीडर हा खारींचाच फीडर.

जवळ झुडूप हवं, दहा-बारा फुटांवर. कूपर्स हॉक नावाचा ससाणा फीडरवर नजर ठेवून असतो, लहान पक्ष्यांना पळून लपायला जागा लागते. पण झुडूप अगदी चिकटून असेल तर त्यात मांजर दबा धरतं.

घर भाड्याचं असेल किंवा एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी असेल तर नियमावली आधी वाचा. काही ठिकाणी दाण्याचे फीडर चालत नाहीत, पण हमिंगबर्डचा चालतो. बाल्कनीत तो एक आणि कुंडीत लाल तुतारीसारख्या फुलांची कोरल हनिसकलची वेल, एवढ्यावरही काम भागतं. ससेक्स, वॉरन, मॉरिस, पसेइक अशा उत्तरेकडच्या काउंटीत काळी अस्वलं हिवाळ्याची झोप संपवून उपाशी फिरत असतात. तिथे वसंतात दाणे बाहेर टांगूच नयेत. पाणी आणि झाडं यांवर भर द्यावा.

पाणी, ज्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात

स्थलांतर करणाऱ्या रंगीत पक्ष्यांपैकी मोठा गट म्हणजे वॉर्ब्लर. पिवळे, निळसर, काळे पट्टे असलेले, बोटभर. ते दाणे खात नाहीत, फीडरकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण प्यायला आणि अंघोळीला येतात. कुंडीखालची पसरट थाळी घ्या, मध्ये एक चपटा दगड ठेवा, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको. वर प्लास्टिकची बाटली टांगून तळाला टाचणीएवढं भोक पाडा. टप् टप् आवाज आणि पाण्यावरची थरथर त्यांना वरच्या फांद्यांतून खाली खेचून आणते. रोज पाणी बदला, नाहीतर डास होतील.

माझ्या परसात सर्वात जास्त जाती मी फीडरवर नाही, या थाळीवर मोजल्या आहेत. पैसे मोजकेच असतील तर दुसरा फीडर घेऊ नका, पाणी ठेवा.

कोणत्या सकाळी लवकर उठायचं

हे पक्षी रात्री प्रवास करतात. सूर्यास्तानंतर तासाभरात निघतात, पहाटेच्या आधी उतरतात, दिवसभर खातात. रात्री हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात, आणि दिशा दाखवायला तारे असतात.

ताऱ्यांची ही गोष्ट मला फार आवडते. स्टीफन एमलेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मिशिगनमधल्या फ्लिंट गावच्या तारांगणात इंडिगो बंटिंग नेले. पिंजऱ्याचा आकार नरसाळ्यासारखा, तळाला शाई, बाजूंना कागद. पक्षी ज्या दिशेला उडू पाहील तिकडे कागदावर शाईचे पाय उमटायचे. छतावरचं आकाश फिरवलं की पक्ष्यांची दिशाही फिरायची. पुढे त्यांनी काही पिल्लं अशा कृत्रिम आकाशाखाली वाढवली, जे ध्रुवाऐवजी मृग नक्षत्रातल्या तांबूस बेटेलज्यूज ताऱ्याभोवती फिरत होतं. त्या पिल्लांनी बेटेलज्यूजलाच उत्तर मानलं. म्हणजे अमुक एक तारा ते जन्मतः ओळखत नाहीत. ज्या बिंदूभोवती आकाश फिरतं तो बिंदू ते लहानपणी पाहून शिकतात. तुमच्या फीडरवर मिलेट टिपणारा तो निळा जीव आदल्या रात्री आकाश वाचत आला आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा: रात्री दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून उबदार वारा असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे सहा ते नऊ खिडकीशी बसा. रात्री उत्तरेचा गार वारा असेल तर नवीन कुणी येणार नाही, आलेले मात्र थांबून राहतात. दक्षिणेचा वारा आणि पहाटे अचानक पाऊस, असं झालं तर रजा टाका. उडता उडता पावसात सापडलेले पक्षी मिळेल तिथे उतरतात. आणि मेच्या सुरुवातीला दोन-तीन दिवस सलग थंडी-पाऊस राहिला की अळ्या-किडे मिळेनासे होतात. तेव्हाच एरवी ओकच्या शेंड्यावर राहणारा स्कार्लेट टॅनेजर खाली संत्र्यावर किंवा शेंगदाण्यावर येतो. इतका लाल की डोळ्यांना खरा वाटत नाही, आणि पंख कोळशासारखे काळे.

हवामानाच्या रडारवर उडणारे पक्षी दिसतात. त्यावरून आज रात्री किती पक्षी उडतील याचा अंदाज बर्डकास्ट या संकेतस्थळावर रोज मिळतो, तुमच्या काउंटीसाठीसुद्धा, फुकट. संध्याकाळी तेवढं पाहून गजर लावायचा.

कसं पाहायचं, कसं ओळखायचं

दुर्बीण ८×४२ घ्या. आठ पट मोठं दिसतं आणि बेचाळीस मिलिमीटरचं भिंग पहाटेच्या मंद उजेडातही पुरतं. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा आत फिरवा. नवशिक्यांची अडचण एकच, दुर्बीण लावली की पक्षी सापडत नाही. उपाय असा: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर रोखा, मग मान आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा.

रंग शेवटी पाहा. विचित्र वाटेल, कारण रंगासाठीच तर सगळा खटाटोप. पण रंग फसवतो. आधी आकार: चिमणीएवढा, इथल्या रॉबिनएवढा (म्हणजे साधारण साळुंकीएवढा) की मधला? मग चोच: जाड त्रिकोणी, सुईसारखी, की लांब टोकदार? मग सवय: जमिनीवर उड्या मारतो, लटकतो, की एकाच जागी पाच मिनिटं बसून दाणे फोडतो?

रोझ-ब्रेस्टेड ग्रॉसबीक हा शेवटचा प्रकार. ठसठशीत जाड, फिकट चोच. नर काळा-पांढरा आणि छातीवर डाळिंबाच्या दाण्यांच्या रंगाचा त्रिकोण. फीडरवर मांडी ठोकून बसतो. मादी तपकिरी रेघांची, डोळ्यावर जाड पांढरी भुवई. लोक तिला मोठी चिमणी समजून सोडून देतात. चोच पाहिलीत तर चुकणार नाही. याचं गाणं रॉबिनसारखंच, पण जास्त गोड आणि सलग. मधूनच जिमच्या फरशीवर बूट घासल्यासारखा 'चिक्' आवाज आला की मान वर करा. अंडी उबवायला नरही बसतो, आणि बसल्या बसल्या गातो.

बाल्टिमोर ओरिओल रॉबिनहून थोडा लहान, सडपातळ, चोच टोकदार. नर पेटलेल्या केशरी रंगाचा, डोकं काळं. नाव पडलं ते मेरीलँड वसाहतीचे मालक असलेल्या लॉर्ड बाल्टिमोर घराण्याच्या सोनेरी-काळ्या चिन्हावरून. आपल्याला पाहताक्षणी हळद्या आठवतो, पण हे नातं नुसतं दिसण्याचं. अमेरिकेतले ओरिओल इथल्या ब्लॅकबर्डच्या कुळातले आहेत. घरटं मात्र अगदी सुगरणीची आठवण करून देणारं, फांदीच्या टोकाला लोंबणारी विणलेली पिशवी, आणि इथे ती मादी विणते.

इंडिगो बंटिंग चिमणीहूनही लहान. त्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश तेवढा परत फिरतो. म्हणून ऊन मागून असेल तर तो चक्क काळा दिसतो, आणि तोच मान वळवून उन्हात आला की मोरपिशी निळा. फीडर सकाळी घराच्या सावलीत येत असेल तर मिलेटची ताटली उन्हात सरकवा. मादी साधी तपकिरी. गाण्यात प्रत्येक सूर दोनदा.

हमिंगबर्डच्या गळ्याचं माणिकही असंच, एका कोनातून धगधगतं, दुसऱ्यातून काळं. वजन सुमारे तीन ग्रॅम, इथल्या एक सेंटच्या नाण्याहून किंचित जास्त. यांतले कित्येक मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडून येतात, सुमारे ८०० किलोमीटर. आपल्याकडचे शिंजीर दिसायला यांच्यासारखे, पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आहेत.

कॅटबर्ड रंगीत नाही. पूर्ण राखाडी, डोक्यावर काळी टोपी, शेपटीखाली विटकरी डाग, आणि आवाज मांजराच्या पिल्लाचा. तरी मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो पुढे उन्हाळाभर झुडपात राहतो आणि माणसांना फारसा भीत नाही.

आवाजावरून ओळखायला कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन हे फुकट ॲप घ्या. फोन खिडकीत ठेवला की ऐकू येणाऱ्या पक्ष्यांची नावं उमटत जातात. पण ॲपने सांगितलं म्हणून लगेच वहीत लिहू नका; ते चुकतं, आणि मॉकिंगबर्डच्या नकलांना फसूही शकतं. डोळ्यांनी दिसला की मगच टिपा.

त्यांना बोलावलंय, तर जपायलाही हवं

अमेरिकेत काचेवर आपटून दरवर्षी मरणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज ३६ कोटींपासून जवळजवळ १०० कोटींपर्यंत जातो, आणि त्यातला मोठा वाटा उंच इमारतींचा नाही, तुमच्या-माझ्या घरांसारख्या लहान इमारतींचा आहे. काचेच्या बाहेरच्या बाजूला दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवा. बहिरी ससाण्याचं एकच स्टिकर लावून उपयोग नाही, पक्षी त्याच्या बाजूने जाऊन आदळतो. माझ्या मागच्या सरकत्या दारावर एका मे महिन्यात ओरिओलची मादी आपटली. हातात घेतली तेव्हा अंग गरम होतं. त्या दुपारीच मी ठिपके मागवले. ते आधी मागवायला हवे होते.

एप्रिल-मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री अंगणातले दिवे बंद ठेवा, किंवा हालचालीवर लागणारे बसवा. उजेडाने रात्रीचे प्रवासी भरकटतात. मांजर घरात ठेवा.

फीडर दर दोन आठवड्यांनी रिकामा करून धुवा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं भिजवून, भरपूर पाण्याने खंगाळून, पूर्ण वाळवून मगच दाणे भरा. हमिंगबर्डच्या फीडरला गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश पुरतो. फीडरवर डोळे सुजलेला, चिकट पापण्यांचा हाउस फिंच हा चिमणीएवढा पक्षी दिसला तर तो संसर्ग आहे. सगळे फीडर उतरवा, धुवा आणि दोन आठवडे लावू नका. पाहुण्यांच्या ऐन दिवसांत हे जिवावर येतं, पण करा.

गवतावर कीटकनाशक मारणारी कंपनी लावली असेल तर निदान मागच्या बाजूला बंद करा. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना मुख्यतः अळ्याच भरवतात. डेलावेर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी यांनी दाखवलंय की चिकडी या चिमुकल्या पक्ष्याच्या एका जोडीला एका घरट्यातली पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. त्या येतात इथल्या मूळ झाडांवर, आणि त्यांत ओकसारखं झाड नाही. जागा कमी असेल तर सर्व्हिसबेरीचं एक झाड लावा; जूनमध्ये फळं पिकली की ओरिओल आणि कॅटबर्ड तुमच्या संत्र्याशिवायही येतील. १९७० नंतर अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे तीनशे कोटी पक्षी कमी झाले आहेत. आपल्या पाव एकरात यातलं थोडं तरी परत देता येतं, असं मला मनापासून वाटतं.

मुलांना आधीच सांगून ठेवायची एक गोष्ट: सापडलेलं केशरी पीस किंवा पडलेलं घरटं घरी आणायचं नाही. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी संरक्षण कायद्याने इथल्या जवळपास सगळ्या रानपक्ष्यांची पिसं, घरटी, अंडी जवळ बाळगायला बंदी आहे. फोटो काढा, तिथेच ठेवा.

पंधरा दिवस झाल्यावर

एक वही ठेवा. तारीख, वारा, पहिला कोण आला. दुसऱ्या वर्षी तीच वही तुम्हाला कोणत्याही लेखापेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण ती तुमच्या परसाची असेल. हवं तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा, ती शास्त्रज्ञांच्या कामी येते.

२० मेच्या सुमारास संत्री काढून घ्या, गांधीलमाश्या जमू लागतात. मिलेट बंद. करडई आणि कारळे चालू राहू देत, कार्डिनल आणि गोल्डफिंच आहेतच. हमिंगबर्डचा फीडर मात्र सप्टेंबरअखेरपर्यंत काढू नका. साखरपाणी मिळतंय म्हणून पक्षी जायचे थांबतात हा गैरसमज आहे. त्यांना दिवस लहान होऊ लागल्याचं कळतं. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे थांबा, कारण कॅनडाहून परतणारा एखादा मागे राहिलेला असतो, आणि त्याला अजून आखात ओलांडायचं असतं.